तिनाची चाळणी

४ जून

वन्सं,

मायन्यात काय लिहावं ह्या विचारात दोन कागद वाया गेले, आणि कागद वाया गेलेला मला सोसत नाही हे तुम्ही जाणताच. तेव्हा नुसता नमस्कार. फोन करणार होते. पण नऊ वर्षांनी माझा आवाज ऐकून तुम्ही ठेवून दिला असतात. पत्र निदान फाडण्यासाठी तरी हातात घ्यावं लागतं.

काल टपालाने एक जाड गठ्ठा आला. वर नाव तुमचं, पत्ता ह्या घरचा. छापखानेवाल्यांनी तुमचा जुना पत्ता बदललेलाच नाही. मी फोडला. तुमचे भाऊ म्हणाले, "दुसऱ्याचं टपाल फोडतेस?" मी म्हटलं, "नणंद दुसरी कधीपासून झाली?" त्यावर ते वर्तमानपत्रात शिरले. आपल्या दोघींचा विषय निघाला की तिथे शिरायचं, हा त्यांचा शिरस्ता अजून मोडलेला नाही.

आत तुमच्या संमिश्र संख्यांच्या पुस्तकाची प्रुफं निघाली. सहाशे चाळीस सोडवलेली उदाहरणं. सोबत मालकांची चिठ्ठी: कॉलेजची समिती अठरा जुलैला बसणार, पुस्तक पुन्हा मुलांच्या हाती द्यायचं की नाही ते त्या दिवशी ठरणार, म्हणून प्रुफं तपासून एक तारखेच्या आत परत हवीत. खाली तांबड्या शाईत: "मागच्यासारखी एक जरी चूक निघाली तरी पुस्तक कायमचं बंद. आम्हीही पुन्हा हात लावणार नाही."

ती तांबडी ओळ मी दोनदा वाचली. मागच्या वेळी पुस्तक मागे घेतलं गेलं तेव्हा तुम्ही नोकरी सोडून गाव सोडलंत. मागच्या पुस्तकातलं मला काही कळत नव्हतं, तेव्हा तो विषय नकोच.

सांगायचं एवढंच, की पाठवण्याआधी मी पानं सहज चाळली आणि पाच ठिकाणी पेन्सिलीने बारीक टिंब दिलं आहे. तिथलं उत्तर मला पटलं नाही. कुणाकडून तरी बघून घ्या.

प्रकृतीस जपा.

तुमची भावजय


१३ जून

वन्सं,

तुमचं कार्ड मिळालं. सात शब्द. "टिंबं खोडा. प्रुफं परत पाठवा. बाकी ठीक." नऊ वर्षांत प्रथमच तुमचं अक्षर घरात आलं. मी ते देवापुढे ठेवलं, मग जरा राग आला म्हणून उचलून फडताळात ठेवलं, आणि संध्याकाळी परत देवापुढे ठेवलं.

निम्मी प्रुफं आजच रजिस्टरने पाठवली आहेत, टिंबांसकट. उरलेली निम्मी माझ्याकडेच आहेत. होय, अडवून ठेवली आहेत. टिंबं आता पाचाची अकरा झाली आहेत, आणि तुम्ही माझं ऐकून घेईपर्यंत मी गठ्ठा सोडणार नाही.

"मॅट्रिक झालेल्या बाईला संमिश्र संख्येतलं काय कळतं?" असं तुम्ही म्हणणार. तुमच्याच पहिल्या प्रकरणामुळे कळलं. इतकं स्वच्छ लिहिलं आहेत, की भाजी निवडता निवडता वाचलं तरी डोक्यात जातं. ज्याचा वर्ग उणे एक येईल अशी संख्या नेहमीच्या संख्यांत नाही, म्हणून तशी एक मानायची आणि तिला आय म्हणायचं. बाकी सगळं आपलं साधं बीजगणित, फक्त आयवर्ग दिसला की तिथे उणे एक लिहायचं. ठीक आहे. मानलं.

आता माझ्या वडिलांची सवय सांगते. ते हिशेबनीस होते हे तुम्हाला माहीत आहे. त्यांचं म्हणणं असायचं, "गुणाकार बरोबर आहे का हे बघताना आधी शेवटचा आकडा बघ. तोच चुकला असेल तर पुढचे बघण्यात वेळ घालवू नकोस." मी अजूनही कुठलीही वही तशीच तपासते. तुमची उदाहरणंही तशीच तपासायला घेतली, पण मध्ये हा आय. त्याचा शेवटचा आकडा कुठून आणायचा?

दोन दिवस सुचेना. तिसऱ्या दिवशी सकाळी देवापुढे माळ ओढत बसले होते. मन जपात असायला हवं होतं, ते आयच्या मागे लागलं होतं. देव क्षमा करील, कारण तेव्हाच लक्षात आलं: तीन त्रिक नऊ! आणि नऊ म्हणजे दहाला एक कमी. नुसता शेवटचा आकडाच बघायचा असेल तर दहा म्हणजे शून्य, आणि मग नऊ म्हणजे उणे एक! म्हणजे सगळ्या जगात सापडत नाही ती संख्या, एकं स्थानापुरती का होईना, आपल्या तीनमध्ये बसली आहे. मी माळ तशीच खाली ठेवली आणि प्रुफं घेतली.

हे तुमचं एकतिसावं उदाहरण बघा. (३ + २आय)(१ + ४आय). छापलेलं उत्तर ११ + १४आय. आता आयच्या जागी तीन घाला. पहिला कंस नऊ. दुसरा तेरा, म्हणजे शेवटचा आकडा तीन. नऊ त्रिक सत्तावीस, शेवटचा सात. उत्तरातही सात यायला हवा. अकरा अधिक बेचाळीस त्रेपन्न. तीन आला. चूक! मग पाटीवर सगळं मांडून सोडवलं, तर उत्तर उणे ५ + १४आय. तिथे आठ आयवर्गाचे उणे आठ व्हायला हवे होते, ते अधिक आठच राहून गेले. बरोबर उत्तराला तीन लावा: उणे पाच अधिक बेचाळीस, सदतीस. सात. जुळलं. शेवटी उणे येत असेल तर दहा दहा मिळवत जायचं, अधिक होईपर्यंत, बस. अशी ही माझी तिनाची चाळणी.

एका उदाहरणाला अर्धा मिनिट लागतो. कुकरच्या तीन शिट्ट्यांत सहा उदाहरणं होतात. तुमचे भाऊ म्हणतात, "तू भात शिजवतेस की गणित?" दोन्ही शिजतं आहे. भात एकदाच करपला.

अकरा चुकांची यादी सोबत आहे. पाठकोऱ्या कागदावर आहे, तेव्हा मागचा मजकूर वाचू नका. तो वाणसामानाचा आहे.

तुमची भावजय


२२ जून

वन्सं,

तुमचं दुसरं कार्ड. एकच ओळ: "(१ + ५आय)(२ + आय) = ७ + ११आय. लावा तुमची चाळणी."

मी लावली. पहिला कंस सोळा, म्हणजे सहा. दुसरा पाच. सहा पंचे तीस, शेवटी शून्य. उत्तर सात अधिक तेहतीस, चाळीस, शेवटी शून्य. जुळलं! घरभर ऐकू जाईल अशा आवाजात मी तुमच्या भावांना म्हटलं, "बघा, तुमच्या ताईंनी परीक्षा घेतली आणि मी पास झाले!"

मग सवयीने पाटीवर मांडलं. उणे ३ + ११आय. तुम्ही मुद्दाम चुकीचं उत्तर दिलं होतंत, आणि माझ्या चाळणीतून ते अलगद खाली गेलं.

त्या दिवशी मी जेवले नाही. उपास आहे असं खोटंच सांगितलं. चाळणी फुटकी निघाली याचं दुःख होतंच, पण खरं कारण वेगळं होतं. ते आता लिहिते. हे पान लिहून मी तीनदा फाडलं आहे, म्हणजे किती जड जातंय ते तुम्हीच समजा.

नऊ वर्षांपूर्वी तुमचं पहिलं पुस्तक घरात आलं. पाहुणे बसले होते. मी चहा देता देता म्हटलं, "वन्सं, इथे एकतीस पानावर उणे चिन्ह राहिलंय का?" तुम्ही हसून म्हणालात, "वहिनी, हे वाण्याचं बिल नव्हे." सगळे हसले. हा प्रसंग तुम्हाला आठवत असेल. पुढचा तुम्हाला माहीत नाही.

पाहुणे गेल्यावर मी ते पुस्तक स्वयंपाकघरात नेलं. रागानेच. पान बारावर लिहिलं होतं, २आय गुणिले ३आय बरोबर उणे सहा. पान चौऱ्याहत्तरवर उणे चारचं वर्गमूळ गुणिले उणे नऊचं वर्गमूळ बरोबर अधिक सहा. उणे चारचं वर्गमूळ म्हणजेच २आय आणि उणे नऊचं म्हणजेच ३आय, हे पान अकरावर तुम्हीच सांगितलं होतं. म्हणजे एकच गोष्ट, दोन पानांवर दोन उत्तरं. आत जाऊन तुम्हाला सांगायला दहा पावलं चालायची होती. मी चालले नाही. मनात म्हटलं, वाण्याचं बिल नव्हे ना, मग राहू दे.

पुढे तेच उदाहरण परीक्षेत आलं. पुस्तकाप्रमाणे अधिक सहा लिहिलेल्या मुलांचे गुण गेले, पालक कॉलेजवर गेले, पुस्तक मागे घेतलं. पहिल्या पत्रात मी लिहिलं, की मला काही कळत नव्हतं. ते खोटं होतं. मला कळत होतं, आणि मी गप्प राहिले. नऊ वर्षं देवाला सांगितलं. तुम्हाला आज सांगते.

आता तुमच्या मनात येईल ते करा. उरलेली प्रुफं सोबत पाठवत आहे. अडवून ठेवायचा मला काय अधिकार?

एक विचारू का? तुमच्या कार्डावरची ओळ सरळ निघून शेवटी पत्त्याच्या जागेत शिरली आहे. तुमचं अक्षर असं कधी नव्हतं. डोळ्यांना काय झालं आहे?

भावजय


२९ जून

वन्सं,

तुमचं चार पानी पत्र आलं. दुसऱ्याच्या हाताने लिहिलेलं असलं तरी बोलणं तुमचंच, दर दोन ओळींनी टोमणा आहे. मी ते आधी मनात वाचलं, मग तुमच्या भावांना मोठ्याने वाचून दाखवलं. त्यांनी वर्तमानपत्र बाजूला ठेवलं. त्यावरून काय ते ओळखा.

"चौऱ्याहत्तर पानावरची चूक तुम्ही पाहिलीत, मी तर ती केली. कुणाचं पाप मोठं ते मापांक काढून ठरवू." हे वाक्य वाचून मी हसले आणि रडलेही, आणि दोन्हींसाठी पदर एकच असल्यामुळे पंचाईत झाली.

तुम्ही कळवलेली मापांकाची युक्ती मला पटली. मापांकाच्या वर्गाला मी वजन म्हणते, चालेल ना? संख्येच्या दोन्ही भागांचे वर्ग करून बेरीज केली की तिचं वजन. दोन संख्यांचा गुणाकार केला की वजनांचाही गुणाकार व्हायला हवा. तुमच्या फसव्या उदाहरणात १ + ५आयचं वजन सव्वीस, २ + आयचं पाच, मिळून एकशे तीस. ७ + ११आयचं वजन एकशे सत्तर. पकडली! उणे ३ + ११आयचं नऊ अधिक एकशे एकवीस, बरोबर एकशे तीस. माझ्या चाळणीतून सुटलं ते तुमच्या चाळणीत अडकलं. उलट, आयच्या आधीचं चिन्ह बदललं तर तुमच्या वजनाला कळत नाही, कारण वर्ग केल्यावर उणे कुठे दिसतं? तिथे माझा तीन उपयोगी पडतो. दोन फुटक्या चाळण्या एकावर एक ठेवल्या, आणि आता काय सुटतं ते बघते.

छापखानेवाल्यांकडून दुसरी प्रत मागवून सगळी सहाशे चाळीस पुन्हा केली. एकूण तेवीस चुका. बारा ठिकाणी खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याने उणे गाळलं आहे. अकरा तुमच्या. रागावू नका, तुम्हीच म्हणालात, डोळ्यांपुढे सारखं धुकं असतं. त्या अकरांतल्या आठ ठिकाणी एकच प्रकार आहे: भागाकारात छेदाला त्याच्या जोडीदाराने गुणताना वर्गांची बेरीज करायच्या जागी वजाबाकी झाली आहे. म्हणजे चूक आठदा नाही, एकदाच झाली, फक्त आठ घरं फिरली. मी स्वतः छापखान्यात जाऊन जुळाऱ्याशेजारी स्टुलावर बसले आणि तेवीसही दुरुस्त्या डोळ्यांदेखत करून घेतल्या. तो म्हणाला, "बाई, लेखिका तुम्हीच का?" मी म्हटलं, "नाही, मी लेखिकेची ब्याद."

पुस्तकाच्या शेवटी दोन्ही चाळण्यांचं एक पान घालायचं आणि ते मी लिहायचं, असा तुमचा हुकूम. मी? छापील? बरं. पण भाषा साधीच राहील.

आणि अठरा तारखेला शस्त्रक्रिया, नेमक्या समितीच्या दिवशी! तारीख पुढे ढकलू नका. डोळे आधी. "समितीपुढे माझ्या जागी तुम्ही उभ्या राहा" हे मात्र चार वेळा वाचलं, नीट वाचलं की नाही म्हणून. वन्सं, मी त्या कॉलेजच्या फाटकाच्या आत कधी गेलेले नाही.

जाईन.

तुमची भावजय


१९ जुलै

नर्सताई,

हे पत्र वन्संना मोठ्याने वाचून दाखवा. त्यांच्या डोळ्यांवर पट्टी असेपर्यंत तुम्हीच त्यांचे डोळे. मध्ये त्या "पुढे वाचा, पुढे वाचा" म्हणतील. ऐकू नका. ओळीने वाचा.

वन्सं, काल मी चांगली इस्तरीची साडी नेसले आणि कॉलेजात गेले. लांबट खोली, मोठा फळा, टेबलामागे पाच जण. मधोमध विभागप्रमुख. त्यांनी चष्म्यावरून विचारलं, "आपण?"

"लेखिकेची भावजय. त्यांची आज शस्त्रक्रिया आहे."

"गणित कुठवर?"

"मॅट्रिक."

कुणीतरी खोकलं. प्रमुख म्हणाले, "मग आपण इथे बसून काय करणार?"

मी म्हटलं, "चुका निघाल्या तर बघणार. पुस्तकातल्या हो."

त्यांनी पुस्तक उघडलं. खूण घालूनच आणलं होतं. "चारशे बारावं उदाहरण. मी काल घरी सोडवलं. पुस्तकाचं उत्तर चूक आहे."

एक जरी चूक निघाली तर, ही तांबडी ओळ डोळ्यांपुढे नाचायला लागली. टोकाच्या गृहस्थांनी तर पुस्तक मिटून बाजूलाही ठेवलं. प्रमुख फळ्यावर लिहू लागले. (२ + ३आय)(४ − आय)(१ + २आय). पहिल्या दोन कंसांचा गुणाकार त्यांनी लिहिला ५ + १०आय. त्याला तिसऱ्या कंसाने गुणून उत्तर काढलं उणे १५ + २०आय. "आणि पुस्तकात आहे उणे ९ + ३२आय. दहा उदाहरणंही न तपासता ही स्थिती!"

मी देवाचं नाव घेतलं, पिशवीतून पाठकोरा कागद काढला आणि आयच्या जागी तीन घातला. पहिला कंस अकरा, म्हणजे एक. दुसरा चारातून तीन गेले, एक. तिसरा सात. सगळ्यांचा गुणाकार सात. पुस्तकाचं उत्तर: उणे नऊ अधिक शहाण्णव, सत्त्याऐंशी. सात! फळ्यावरचं: उणे पंधरा अधिक साठ, पंचेचाळीस. पाच.

काय सांगू, वन्सं! मी तो कागद पुन्हा एकदा पडताळून पाहिला.

मी उभी राहिले. "साहेब, पुस्तक बरोबर आहे. चूक फळ्यावर आहे."

प्रमुख म्हणाले, "कुठे?"

"पहिल्याच ओळीत. पहिल्या दोन कंसांचा शेवटचा आकडा एकेक, तेव्हा गुणाकाराचाही एक हवा. तुमचे पाच अधिक दहा आय, म्हणजे पस्तीस, पाच आला. ओळ तिथेच सुटली. पुढचं सगळं तुम्ही बरोबर केलंय, पण चुकलेल्या वाटेवरून सरळ चाललात."

ते फळ्याकडे वळले. खडूने एकेक पद ठोकत गेले. "आठ... उणे दोन आय... अधिक बारा आय... उणे तीन आयवर्ग..." तिथे खडू थांबला. "म्हणजे अधिक तीन. आणि मी वजा केले."

"सगळे तिथेच घसरतात," मी म्हटलं. "आमच्या अकरांतल्या दोन तिथल्याच होत्या."

त्यांनी पाचाचे अकरा केले आणि पुन्हा सोडवलं. उणे ९ + ३२आय. समितीतल्या एकमेव बाई हसू दाबत होत्या. पण प्रमुख सरळ गृहस्थ, वन्सं. मागे वळून म्हणाले, "ही तिनाची युक्ती फसत नाही का कधी?"

"फसते की."

"फसते?"

"आय लागलेल्या आकड्यांचा गुणाकार पाचाच्या पाढ्यात आला, की आयवर्गाचं चिन्ह चुकलेलं तिला कळत नाही. हे माझ्या नणंदेनं मला एका ओळीत दाखवून दिलं, तेही डोळ्यांना दिसत नसताना. म्हणून नणंदेनंच वरून वजनाची चाळणी घातली. तीही लावते." तेरा, सतरा आणि पाच यांचा गुणाकार अकराशे पाच. एक्क्याऐंशी अधिक एक हजार चोवीस, अकराशे पाच. मी फळ्यावर लिहिलं. वन्सं, मी फळ्यावर लिहिलं! अक्षर सरळ आलं.

पुढचे दोन तास त्यांनी वाटेल तिथून चाळीस उदाहरणं काढली. दोन्ही चाळण्या लावून, नुसत्या पाटीवर सोडवून, उलटून पालटून. एकही चूक नाही. शेवटी त्या बाईंनी ठराव वाचला: पुस्तक एकमताने मंजूर, आणि यंदापासून पहिल्या वर्षाला लागू. पहिली सही प्रमुखांनी केली. सही करताना म्हणाले, "त्यांना कळवा, नऊ वर्षांपूर्वी पुस्तक मागे घेणाऱ्यांतही मी होतो." मी म्हटलं, "लिहीन." लिहिलं.

नर्सताई, आता त्यांना जरा पाणी द्या. मग पुढचं वाचा.

मी फाटकापर्यंत पोचले तर मागून हाक. प्रमुख धापा टाकत आले, काखेत जाडजूड गठ्ठा. "बाई, ही माझी स्वतःची टिपणं. दोनशे पानं. बारा वर्षं मुलांना ह्यांवरूनच शिकवतोय. आजच्यानंतर भीती वाटायला लागली आहे. तुम्ही दोघी ह्यांवरून चाळणी फिरवाल का?"

मी म्हटलं, नणंदेला विचारल्याशिवाय मी काही कबूल करत नाही. पण गठ्ठा घेतला. जड होता. घरी येईपर्यंत हात भरून आला, आणि तुमच्या भावांनी तो दारातच माझ्या हातून घेतला.

वन्सं, पहिली तीनच पानं बघितली. दोन चुका निघाल्या. तिथेच थांबले आहे. उरलेल्या एकशे सत्त्याण्णव पानांना हात लावलेला नाही. ती तुमच्या नव्या डोळ्यांसाठी ठेवली आहेत.

तुमची वहिनी